ब्रेन कॅरियरचे प्रकार मल्टिप्लेअर मॉडमध्ये आणताना: टप्पे, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

दुसऱ्या महायुद्धावरचे मॉड (गेममध्ये खेळाडूंनीच बनवून घातलेली भर) करणाऱ्या नव्या मंडळींचं काम मी बरीच वर्षं तपासून देतोय, आणि युनिव्हर्सल कॅरियर (ब्रिटिशांची पट्ट्यांवर चालणारी छोटी, उघडी चिलखती गाडी, जिला लोक सरसकट ब्रेन कॅरियर म्हणतात) आला की तीच गडबड पुन्हा दिसते. हल, म्हणजे गाडीचं मूळ अंग, अर्धवट असतानाच त्यावर ब्रेन ही हलकी मशीनगन बसते. मग त्या फाइलच्या पाच-सहा नकला निघतात: एकीवर व्हिकर्स मशीनगन, एकीवर ज्वालाफेक, एकीवर मॉर्टर. एडिटरमध्ये सगळं नीट चालतं. सर्व्हरवर वीस जण आले की गनरचा गुडघा चिलखतातून बाहेर दिसतो, मागे बसलेल्याला गोळीच लागत नाही, आणि एक चूक सुधारायला सहा फाइल उघडाव्या लागतात.

कॅरियर हे माणसं वाहणारं वाहन आहे. म्हणून आधी माणसांच्या जागा, मग गाडीची चाल, मग चिलखत, आणि हत्यार सगळ्यांत शेवटी. खालचा क्रम याच हिशेबाने लावलाय. उदाहरणं आर्मा ३ या युद्धखेळाची आहेत, कारण मी त्यातच काम करतो. दुसऱ्या इंजिनात फाइलींची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## तयारी: मॉडेलला हात लावण्याआधी

ब्लेंडर किंवा ऑब्जेक्ट बिल्डर (त्रिमितीय मॉडेल बनवायची साधनं), स्टीमवर मिळणारी आर्मा ३ टूल्स आणि वेगळा डेडिकेटेड सर्व्हर (फक्त खेळ चालवणारं, ज्यावर कोणी खेळत नाही असं मशीन) एवढं हाताशी हवं. सर्व्हर "नंतर बघू" म्हणून सोडू नका. पहिल्याच आठवड्यात तो उभा करा, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर असला तरी चालेल.

संदर्भचित्रं जमवताना फोटोंच्या ढिगापेक्षा कोन महत्त्वाचे. डावी बाजू, उजवी बाजू, मागून आणि वरून, असे चार कोन प्रत्येक प्रकाराचे मिळालेच पाहिजेत. वरून काढलेला फोटो सगळ्यांत दुर्मीळ आणि सगळ्यांत उपयोगी, कारण कॅरियरला छप्परच नाही आणि खेळाडूला आतलं सगळं दिसतं. चित्राखाली "ब्रेन कॅरियर" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. संग्रहालयातल्या किंवा हौशी मंडळींनी दुरुस्त केलेल्या गाड्यांवर तीन वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र बसवलेले असतात. युद्धकाळातला फोटो आणि आजचा फोटो यांत फरक दिसला तर युद्धकाळातला खरा धरा.

रिव्हेट मारलेलं ब्रिटिश चिलखत जवळून कसं दिसतं, पत्र्यांचे जोड कुठे येतात, कडांची जाडी डोळ्यांना किती वाटते, हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस घालवा. तिथल्या व्हॅलेंटाइनभोवती अर्धा तास फिरलात तरी पोत करताना हात आपोआप सुधारतो.

सावधान: दुसऱ्या गेममधून काढलेलं मॉडेल "फक्त मापासाठी" म्हणूनही फाइलमध्ये ठेवू नका. ते शेवटपर्यंत तिथेच राहतं, आणि प्रकाशित केल्यावर तक्रार आली की सगळा मॉड उतरवावा लागतो.

## टप्पा १: कोणता प्रकार, कोणतं वर्ष

कागदावर तक्ता काढा. रकाने चार: प्रकार, वर्ष, माणसं किती आणि कुठे, मूळ हलपेक्षा काय वेगळं. चौथ्या रकान्यात "बंदूक" एवढंच लिहिलं असेल तर अजून फोटो बघायची गरज आहे.

सुरुवात नावांपासूनच करावी लागते. खरा "ब्रेन कॅरियर" हा १९४० च्या आधीचा. त्याच्या मागच्या भागात चिलखती कप्पा एकाच बाजूला होता. पुढे स्काउट, कॅव्हलरी वगैरे वेगवेगळ्या गाड्या न करता एकच साचा ठरला, तो युनिव्हर्सल. त्यात इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कप्पे आले. म्हणजे १९४० चा फ्रान्स दाखवताना मागचा भाग तपासावाच लागतो. नॉर्मंडीतली (१९४४) गाडी डंकर्कला (१९४०) उभी केली तर ती लगेच खटकते.

हत्यारांचंही तसंच. बॉइज रणगाडाविरोधी रायफल सुरुवातीच्या वर्षांत. पायट हे ब्रिटिश पायदळाचं रणगाडाविरोधी हत्यार १९४३ पासून. ज्वालाफेक करणारा वॉस्प १९४४ च्या नॉर्मंडीत दिसतो. जर्मनांनी पकडलेल्या कॅरियरवर तीन पँझरश्रेक (रणगाडाविरोधी रॉकेटच्या नळ्या) बसवलेला प्रकारही खरा आहे, पण पँझरश्रेकच १९४३ मध्ये आला. तो १९४१ च्या क्रीटमध्ये घालू नका.

आता ज्या गाड्या या कुटुंबातल्या वाटतात पण या हलवर बसत नाहीत, त्या वेगळ्या काढा.

टी-१६ अमेरिकेत फोर्डने बनवला. तो लांबीला जास्त, प्रत्येक बाजूला चार चाकं, आणि वळवायला स्टिअरिंग चाकाऐवजी दांडे. युनिव्हर्सलला प्रत्येक बाजूला तीनच चाकं: पुढे दोनांची जोडी, मागे एकटं. लॉइड कॅरियरलाही चार चाकं आणि वर उंच पेटीसारखं अंग. इंडियन पॅटर्न कॅरियर तर चाकांवर चालणारी गाडी, जिचे चिलखती सांगाडे जमशेदपूरला बनले. नावात "कॅरियर" आहे म्हणून लोक तिला युनिव्हर्सलची भारतीय आवृत्ती समजतात आणि तिला पट्टे लावतात. भारतीय तुकड्या दाखवायच्या असतील तर ती गाडी करावीच असं मला मनापासून वाटतं, पण स्वतंत्र मॉडेल म्हणून. ऑस्ट्रेलियाचा दोन पौंडी तोफेचा कॅरियरही स्वतंत्रच: त्याचं अंग लांबवलेलं आणि इंजिन पुढे डावीकडे सरकवलेलं होतं.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला "हा मूळ हलवर बसतो का?" हा प्रश्न विचारा. "नाही" आलं तर ती ओळ आत्ताच खोडा. पहिल्या आवृत्तीत चार प्रकार पुरेत: साधा, व्हिकर्सचा, तीन इंची मॉर्टरचा आणि वॉस्प.

## टप्पा २: मूळ हल, मापासकट

लांबी ३.६५ मीटर, रुंदी २.०६ मीटर, उंची १.५७ मीटर. आर्मात एक एकक म्हणजे एक मीटर, त्यामुळे या तीन आकड्यांची एक रिकामी पेटी आधी बनवा आणि सगळं काम तिच्या आत करा. ही गाडी फार छोटी आहे, आणि नवीन माणूस ती नेमकी मोठी करून ठेवतो. कारण त्याला आत सैनिक बसवताना अडचण होते आणि तो सैनिकाची बैठक बदलण्याऐवजी गाडी ताणतो.

आतली मांडणी अशी: पुढे उजवीकडे चालक, डावीकडे गनर. त्यांच्या मागे मधोमध फोर्डचं व्ही-८ इंजिन झाकणाखाली, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना अरुंद कप्पे. चालवणारं दातेरी चाक मागे, पुढचं चाक नुसतं फिरणारं. हे उलटं झालेलं मी कितीतरी मॉडेलांत पाहिलंय, कारण बऱ्याच रणगाड्यांत चालवणारं चाक पुढे असतं आणि हाताला तीच सवय असते.

पट्टे, चाकं, इंजिनाचं झाकण, पुढची गनची चौकट, मागच्या सामानपेट्या हे सगळे भाग पहिल्यापासून वेगळ्या निवडी (सिलेक्शन्स) म्हणून नाव देऊन ठेवा. पुढे प्रकार काढताना हेच भाग लपवायचे किंवा दाखवायचे असतात. एकसंध जाळी बनवून नंतर कापायला बसलात की यूव्ही (मॉडेलवर चित्र कसं बसतं त्याचा नकाशा) विस्कटतो.

तपासा: १.८० मीटरचा सैनिक गाडीशेजारी उभा करा. गाडीची सर्वांत उंच कड त्याच्या हनुवटीच्या आसपास आली पाहिजे. डोक्याच्या वर गेली तर माप चुकलंय, पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: माणसांच्या जागा

याला दोन पूर्ण संध्याकाळी द्या.

प्रत्येक जागेसाठी प्रॉक्सी (सैनिक कुठे आणि कसा बसेल ते सांगणारी खूण) ठेवताना आधी मागचे दोन कप्पे भरा आणि मग चालक-गनर. बहुतेक जण पुढून सुरू करतात, चालक ऐसपैस बसवतात आणि मागच्यांना उरलेली जागा मिळते. मागे बसलेल्यांचे गुडघे इंजिनाच्या झाकणाला आणि पाठ बाजूच्या पत्र्याला लागलेली असते, इतकी ती जागा अरुंद. तयार बैठका इथे बसत नाहीत, पाय जास्त दुमडलेली बैठक स्वतः बनवावी लागते.

गनर आणि चालक शेजारी-शेजारी आहेत, मधे भिंत नाही. म्हणून चालक मेला तर गनरला बाजूला सरकून गाडी हाकता आली पाहिजे. मागच्या माणसाला मात्र तेवढ्या सहज पुढे येऊ देऊ नका. आम्ही मागून पुढे येण्याला काही सेकंदांचा उशीर ठेवला, आणि खेळाडूंनी त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. कारण डोळ्यांना दिसतंय की मधे इंजिन आहे.

चढण्या-उतरण्याचे बिंदूही याच टप्प्यात, मेमरी एलओडीमध्ये (मॉडेलच्या, असे बिंदू ठेवायच्या, न दिसणाऱ्या थरात) ठेवा. कॅरियरला दार नाही, माणसं कडेवरून उड्या मारतात. उतरण्याचा बिंदू गाडीपासून जरा लांब आणि दोन्ही बाजूंना ठेवा. एकाच बाजूला ठेवलात तर भिंतीला चिकटवून गाडी लावल्यावर चार जण आतच अडकतात, किंवा भिंतीत उतरतात.

तपासा: सगळ्या जागा भरून गाडी खड्ड्यांवरून न्या. बाहेरच्या कॅमेऱ्यातून कोणाचा हात-पाय पत्र्यातून दिसतोय का बघा. मग प्रत्येक जागेवरून पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून बघा: समोर नुसता पत्रा दिसत असेल तर ती जागा कोणी घेणार नाही.

## टप्पा ४: चाल

वजन सुमारे ३.८ टन, इंजिन ८५ अश्वशक्तीचं, रस्त्यावरचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. हे आकडे तसेच घाला. पट्टे असलेल्या वाहनाचा तयार साचा घेतला तर त्यात मोठ्या रणगाड्याचं जडत्व असतं, आणि कॅरियर नांगर ओढल्यासारखा चालतो. वस्तुमान जॉमेट्री एलओडी या दुसऱ्या न दिसणाऱ्या थरातून येतं. ते बदललंत की स्प्रिंग आणि डॅम्परचे आकडेही पुन्हा लावायचे, नाहीतर गाडी उभ्या जागी थरथरत राहते.

वळणं हा या गाडीचा स्वभाव आहे. खऱ्या कॅरियरमध्ये स्टिअरिंग चाक थोडं फिरवलं की पुढची चाकांची जोडी आडवी सरकायची आणि पट्टा स्वतःच किंचित वाकायचा, म्हणजे हलक्या वळणाला वेग जवळजवळ पडत नसे. चाक जास्त फिरवलं की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागायचा. गेममध्ये पट्टा वाकवता येत नाही, पण परिणाम आणता येतो: हलक्या वळणाला वेगाची घट अगदी कमी ठेवा, तीव्र वळणाला चांगलीच जाणवू द्या. जागच्या जागी गरकन फिरणं बंद करा. बहुतेक मॉडांत कॅरियर भोवऱ्यासारखा फिरतो, आणि तिथेच त्याची ओळख जाते.

तपासा: सपाट रस्ता, चढ, चिखल आणि कच्चं शेत अशा चार ठिकाणी, रिकामी आणि भरलेली गाडी दोन्ही. एका कडेवरून तिरकी घाला. उलटत असेल तर गुरुत्वमध्य खाली आणा, वजन वाढवू नका.

## टप्पा ५: चिलखत आणि नुकसान

कॅरियरचं चिलखत ७ ते १० मिलिमीटर. साधी रायफलची गोळी अडवायची, चिलखतभेदी गोळी जवळून आली तर बाजूचा पत्रा सोडून द्यायचा, आणि वरून काहीच अडवायचं नाही. एवढं साधलं की या गाडीभोवतीचा अर्धा खेळ जमतो.

आर्मात गोळी कुठे अडेल ते फायर जॉमेट्री ठरवते, दिसणारं मॉडेल नाही. प्रत्येक पत्रा स्वतंत्र, बंद, बहिर्वक्र तुकडा म्हणून करा आणि त्याला जाडीनुसार पदार्थ लावा. अख्खी गाडी एका ठोकळ्यात बसवलीत तर उघडं छप्पर बंद होतं आणि शेजारच्या खिडकीतून खाली गोळ्या झाडणाऱ्याला कोणीच मारता येत नाही. व्ह्यू जॉमेट्रीतही वरचा भाग उघडा ठेवा, नाहीतर एआयच्या सैनिकांना आतली माणसं दिसणार नाहीत.

इंजिनाचा ठोकळा फायर जॉमेट्रीत विसरू नका. त्याचं महत्त्व एका चाचणीत माझ्या लक्षात आलं. चार मित्र सर्व्हरवर, गाडी एका भिंतीजवळ उभी. एकाने वरच्या मजल्यावरून हातबाँब टाकला, तो उजव्या कप्प्यात पडला. उजवीकडचा माणूस गेला, ते बरोबर. पण डावीकडचा आणि गनरही त्याच क्षणी गेले, जणू मधे काहीच नाही. दिसणाऱ्या मॉडेलमध्ये इंजिनाचं जाडजूड झाकण होतं, फायर जॉमेट्रीत तिथे पोकळी होती. आम्ही तो ठोकळा घातला, स्फोटाचे आकडे पुन्हा लावले आणि तोच बाँब त्याच खिडकीतून वीस वेळा टाकला. आता डावीकडचा माणूस जखमी होतो, बहुधा वाचतो, आणि कडेवरून उडी मारायला त्याला दोन क्षण मिळतात. त्या दोन क्षणांत सगळी मजा आहे.

दुसरी पोकळी असते तळाची. खालून कोण बघणार म्हणून तळाचा पत्रा राहून जातो, आणि सुरुंग फुटला की एकतर काहीच होत नाही किंवा सगळे मरतात. इथे मी एका खऱ्या घटनेवरून आकडे लावतो. फेब्रुवारी १९४१ मध्ये इथिओपियातल्या मेतेम्माच्या पुढे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सगळ्यांत पुढच्या कॅरियरमधून रस्त्यावरचे सुरुंग काढत निघाले होते. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं. त्यात दोनदा त्यांची गाडी उडाली, बरोबरची माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, त्यांचा स्वतःचा कानाचा पडदा फाटला, आणि तरी ते पुढे गेले. या कामाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं नाव पुण्यात कोणाला नवीन नाही, पण मॉड करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की हे सगळं कॅरियरमध्ये घडलं. माझ्या आकड्यांसाठी यातून एवढं निघतं: सुरुंगाने गाडी नक्की थांबली पाहिजे, पट्टा नक्की तुटला पाहिजे, आतल्या काहींना नक्की लागलं पाहिजे, पण प्रत्येक वेळी सगळे मेले तर ते चूक.

पट्टे, इंजिन, इंधनटाकी आणि हल यांचे हिटपॉइंट (नुकसान वेगळं मोजायच्या जागा) वेगळे ठेवा. इंजिन बंद पडलं म्हणून गाडीचा स्फोट होऊ देऊ नका. बंद पडलेला कॅरियर मैदानात आडोसा म्हणून उरायला हवा.

तपासा: समोरून, बाजूने, मागून, वरून आणि खालून अशा पाच दिशांनी, तीन अंतरांवरून, त्याच रायफलने गोळ्या झाडा आणि निकाल वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी परत. "मागच्या वेळी चाललं होतं" हे गृहीत धरू नका.

## टप्पा ६: एका हलमधून प्रकार काढणं

आता हत्यारं. कॉन्फिगमध्ये (गाडीचे गुण लिहायच्या फाइलीत) एक पायाभूत वर्ग ठेवा, जो गेममध्ये कोणाला दिसत नाही. चाल, चिलखत, आवाज सगळं त्यात. प्रत्येक प्रकार त्याच्याकडून वारसा घेतो आणि फक्त स्वतःचा फरक लिहितो. एखादा आकडा दोन प्रकारांत पुन्हा लिहावा लागला तर थांबा: तो पायाभूत वर्गात जायला हवा होता.

साधा कॅरियर. पुढच्या चौकटीतून ब्रेन. फिरण्याचा कोन त्या चौकटीपुरताच. पूर्ण गोल फिरणारी ब्रेन पुढे बसवली की गनरच्या हाताला आणि चालकाच्या डोक्याला ती आरपार जाते. ब्रेन काढून खाली उतरता येणं ही या गाडीची खरी ताकद. ते जमवायला थोडी जास्त मेहनत पडते, पण घ्याच.

व्हिकर्सचा. बंदुकीची बैठक इंजिनाच्या झाकणावर, गनर मागे आणि छातीपर्यंत उघडा. २५० गोळ्यांचा पट्टा. ही गाडी मारा चांगला करते आणि गनर लवकर गमावते. त्याला वाचवायला अदृश्य चिलखत लावू नका, तो उघडा असणं हाच त्या प्रकाराचा तोल.

तीन इंची मॉर्टरचा. सर्वांत जास्त चुकीचा केला जाणारा प्रकार. ब्रिटिश कॅरियर मॉर्टर वाहून न्यायचा, मारा जमिनीवर मांडून व्हायचा. गाडीवरूनच डागणारा होता तो ऑस्ट्रेलियन, आणि त्याचा सांगाडा वेगळा. म्हणून गाडीला "मॉर्टर उतरवा" आणि "मॉर्टर चढवा" अशा दोन क्रिया द्या. उतरवल्यावर गाडीच्या मागचा नळीचा भाग लपला पाहिजे आणि दारूगोळ्याचा आकडा गाडीतच राहिला पाहिजे. लोक इथे दारूगोळा मॉर्टरबरोबर नवा निर्माण करतात, मग चढव-उतरव करत अमर्याद गोळे मिळतात. सर्व्हरवर हे दहा मिनिटांत कोणीतरी शोधतंच.

वॉस्प. आधीच्या नमुन्यांत ज्वालेच्या इंधनाच्या टाक्या आत, त्यामुळे माणसं दोनच. कॅनडाच्या दोन-सी नमुन्यात ७५ गॅलनची, म्हणजे सुमारे ३४० लिटरची, एकच टाकी मागे बाहेर टांगलेली, म्हणून तिसऱ्या माणसाला ब्रेनसह जागा मिळाली. पहिल्यांदा करताना दोन-सी घ्या. पण टाकी नुसती चिकटवू नका: मागचं वजन वाढतं, गुरुत्वमध्य मागे सरकतो, चढावर पुढचा भाग हलका होतो. टाकीला स्वतःचा हिटपॉइंट हवा. पल्ला शंभर यार्डांच्या आसपास धरा.

ज्वाला करताना दृश्य आणि नुकसान वेगळं ठेवा. धूर-ज्वाळा प्रत्येकाच्या मशीनवर आपापल्या निघू द्या, नुकसानीचा हिशेब एकाच ठिकाणी. दर फ्रेमला नेटवर्कवर निरोप पाठवलात तर एक वॉस्प अख्खा सर्व्हर बसवतो. "सुरू" आणि "बंद" एवढे दोनच निरोप पाठवा.

तपासा: पायाभूत वर्गातला कमाल वेग मुद्दाम दहा करा. चारही प्रकार मंदावले पाहिजेत. एखादा मंदावला नाही तर त्यात जुनी नक्कल दडलेली आहे. मग वेग परत करा.

## टप्पा ७: रंग, खुणा, सामान

रंग आणि खुणा हिडन सिलेक्शन्समधून (त्याच मॉडेलवरचं चित्र बदलायची सोय), वेगळ्या मॉडेलमधून नको. वाळवंट, इटली, नॉर्मंडी असे संच पुरतात. तुकडीची खूण घालणार असाल तर ती त्या रणांगणावर त्या वर्षी होती का हे आधी बघा, नाहीतर खूण नसलेलीच बरी. खरे कॅरियर सामानाने लादलेले असायचे, म्हणून ताडपत्री, फावडी, डबे यांचे दोन-तीन संच करा.

सावधान: सामानाचा संच यादृच्छिक निवडणारा कोड प्रत्येक मशीनवर चालला तर प्रत्येकाला वेगळी गाडी दिसते. एकजण म्हणतो "ताडपत्रीवाली गाडी", दुसऱ्याला ताडपत्रीच दिसत नाही. निवड सर्व्हरवर एकदाच करा आणि सगळ्यांना कळवा, उशिरा आलेल्यांसकट.

## टप्पा ८: सर्व्हरवरची परीक्षा

एडिटरमध्ये तुमचंच मशीन सर्व्हर आणि तुमचंच मशीन खेळाडू. गाडी, गनर, दारूगोळा सगळं तिथेच असतं, म्हणून चुका लपतात. डेडिकेटेड सर्व्हरवर गाडीची मालकी चालकाच्या मशीनकडे जाते आणि बुरुजाची (आर्मात गनरच्या जागेला हेच म्हणतात) गनरकडे. चालक बदलला की मालकी बदलते. इंधन किंवा दारूगोळा बदलणारा कोड चुकीच्या मशीनवर चालला की काहीच घडत नाही, चूकही दिसत नाही.

निदान चार माणसं जमवा आणि याच क्रमाने करून बघा:

१. चालत्या गाडीत चालक आणि गनरने जागा बदलायची.
२. गनर गोळ्या झाडत असताना चालकाचं कनेक्शन तोडायचं. गाडी थांबावी, उडू नये.
३. मॉर्टर उतरवलेला असताना चौथ्या माणसाने खेळात यायचं. त्याला मॉर्टर जमिनीवर आणि गाडी रिकामी दिसली पाहिजे.
४. वॉस्पची ज्वाला सुरू असताना गनर मारायचा. ज्वाला थांबली पाहिजे. ही चूक मी जवळजवळ प्रत्येक पहिल्या आवृत्तीत पाहिली आहे.
५. एकाने मुद्दाम मंद कनेक्शनवर खेळायचं आणि गाडी कडेला आदळायची.

प्रत्येक चाचणीनंतर सर्व्हरची नोंदफाइल उघडा. पडद्यावर सगळं ठीक असताना तिथे एकच ओळ शेकडो वेळा आलेली असू शकते.

## टप्पा ९: तोल

आता, आणि आत्ताच, तोलाचे आकडे. आधी लावलेले आकडे चिलखताच्या चुका झाकतात.

कॅरियर कमजोर वाटतो अशी तक्रार पहिल्या आठवड्यात येणारच. चिलखत वाढवू नका. खेळाडू त्याला छोटा रणगाडा समजून मैदानाच्या मधोमध नेतात, म्हणून तो मरतो. त्याऐवजी त्याचं काम स्वस्त आणि वेगवान करा: पुन्हा मिळण्याचा वेळ कमी, दुरुस्ती लवकर, आत जास्त दारूगोळा, आणि सहा पौंडी तोफ ओढण्याची सोय. वॉस्पची संख्या मात्र मर्यादित ठेवा. एका बाजूला एकाच वेळी दोन वॉस्प आले की पायदळाचा खेळ संपतो.

## टप्पा १०: प्रकाशित करताना

वर्गांची नावं पक्की करा आणि पुन्हा बदलू नका. नाव बदललं की त्या गाडीवर बनवलेली प्रत्येक मोहीम उघडायची थांबते. नावापुढे तुमच्या मॉडचं छोटं उपपद लावा, नुसतं "वॉस्प" ठेवलंत तर दुसऱ्या कोणाच्या मॉडशी टक्कर होईल.

सीएफजी पॅचेस या कॉन्फिगच्या भागातल्या यादीत चारही प्रकार आलेत का बघा. यादीत नसलेली गाडी झ्यूसला (खेळ चालू असताना गाड्या-माणसं मांडणाऱ्या सूत्रधाराला) दिसत नाही, आणि मग "तुमचा मॉर्टर कॅरियर गायब आहे" असे निरोप येतात.

प्रत्येक पीबीओवर (मॉडच्या बांधलेल्या फाइलीवर) डिजिटल सही करा. सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या किल्ल्यांच्या फोल्डरमध्ये द्यायची, खासगी किल्ली कोणालाही नाही, अगदी गटातल्या मित्रालाही नाही. सही केल्यावर फाइलचं नावही बदलू नका, नाहीतर सही तपासणारा सर्व्हर खेळाडूला बाहेर काढतो.

शेवटी, ज्या मशीनवर तुमची कामाची ड्राइव्ह नाही अशा मशीनवर मॉड डाउनलोड करून चालवा. तुमच्याकडे एखादं टेक्स्चर कामाच्या फोल्डरमधून उचललं जात असेल तर ते तिथेच कळतं: गाडी पांढरी दिसते. ती रंगात दिसली की मॉड खुला करा.